फोनो प्रीॲम्प कोणता घ्यावा, आणि ते ‘घूं’ कसं घालवावं

प्रश्न : आमचं गाव दारव्हा तालुक्यात आहे. बाबांनी जमवलेल्या सव्वाशेक रेकॉर्डी घरात आहेत : नाट्यगीतं, लावण्या, खंजिरीची भजनं. भाच्याने टर्नटेबल आणून दिलं, त्याच्या कार्ट्रिजवर (सुई बसते त्या ठोकळीवर) ‘एटी-व्हीएम९५ई’ लिहिलं आहे. मागून लाल-पांढऱ्या पिना आणि एक बारीक काळी वायर निघते. घरच्या ॲम्प्लिफायरच्या ऑक्सला लावलं तर आवाज अगदी बारीक येतो, टिनावर खडे पडल्यासारखा. भजनी मंडळाच्या ॲम्प्लिफायरला माइकच्या जागी लावलं तर मोठा येतो, पण फाटतो. आणि दोन्हीकडे ‘घूं’ चालूच. दुकानदार म्हणतो फोनो प्रीॲम्प लागतो. पाच हजारांपर्यंत कोणता घेऊ? बाबांचा पेटीतला जुना रेकॉर्ड प्लेअरही आहे, त्याला तोच चालेल का? आमच्याकडची लाइन कशी असते ते वेगळं सांगायला नको.

उत्तर : भाऊ, दुकानदार बरोबर बोलला. फोनो प्रीॲम्प लागेल, आणि पाच हजारांत चांगला मिळेल. पण तुमच्या पत्रातला खरा त्रास त्या ‘घूं’चा आहे. वीस हजारांचा प्रीॲम्प आणला तरी ते तिथंच राहील, कारण ते बहुतेक वेळा वायर, अर्थिंग आणि मांडणीतून येतं. म्हणून खरेदीचं आटोपशीर सांगतो आणि जोडणीचं सविस्तर.

पैसे काढण्याआधी पाच मिनिटांचं एक काम करा. टर्नटेबलच्या मागच्या बाजूला आणि वरची थाळी उचलून तिच्याखाली ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असं लिहिलेलं बारीक बटण आहे का ते बघा. हल्लीच्या बऱ्याच टर्नटेबलांत प्रीॲम्प आतच बसवलेला असतो. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी६०एक्स आणि एलपी१२०एक्समध्ये तो आहे. बटण सापडलं तर ‘लाइन’वर करा, पिना ऑक्सला लावा आणि पाच हजार खिशात राहू द्या. काळी वायर कायमची बाहेर निघते आहे आणि ऑक्सवर आवाज बारीक येतो आहे, त्यावरून तुमच्या यंत्रात आतला प्रीॲम्प नसावा किंवा बटण ‘फोनो’वर असावं. आतला चालू ठेवून बाहेरचाही जोडू नका. दोन्ही मिळून आवाज बोजड होतो आणि फाटतो.

आता आवाज बारीक का येतो ते बघू, म्हणजे खरेदी करताना कोणी फसवणार नाही. तुमच्या कार्ट्रिजमध्ये सुईच्या दांडीवर इवलीशी चुंबकं असतात आणि ती तारेच्या वेटोळ्यांजवळ हलतात. या जातीला मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे एमएम म्हणतात. व्हीएम९५ई चाचणीच्या सुरावर ४ मिलिव्होल्ट देते. ऑक्सला तीन-चारशे मिलिव्होल्ट तरी हवे असतात. हा झाला शंभर पटींचा फरक.

पण नुसता आवाज शंभर पट वाढवून भागत नाही. रेकॉर्ड कापताना खर्जाचे सूर मुद्दाम दाबलेले असतात, कारण खर्जाला खाच रुंद हेलकावे घेते आणि शेजारच्या खाचेत शिरू शकते. वरचे, तीव्र सूर मुद्दाम वाढवलेले असतात, म्हणजे वाजवताना ते खाली आणले की रेकॉर्डची खरखरही सोबत खाली येते. किती दाबायचं आणि किती वाढवायचं याचं माप १९५४ साली ठरलं, त्याला आरआयएए म्हणतात. फोनो प्रीॲम्प हेच माप उलटं लावतो : १,००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला सुमारे नऊ पट उचलतो आणि २०,००० हर्ट्झला जवळपास दहाव्या हिश्शावर आणतो. तुम्ही थेट ऑक्सला लावलं तेव्हा डग्ग्याचा घुमारा गेला आणि झांज तेवढी उरली, त्याचं कारण हे. ॲम्प्लिफायरचा बास वाढवून आणि ट्रेबल कमी करून ते भरून निघत नाही. त्या बटणांचा उतार वेगळा असतो.

माइकच्या सॉकेटची गोष्ट निराळी. तो एखाद-दोन मिलिव्होल्टसाठी बनवलेला असतो. रेकॉर्डमध्ये जोराची जागा आली की तुमची कार्ट्रिज वीस मिलिव्होल्टपर्यंतही जाऊ शकते. पहिल्याच ट्रान्झिस्टरला ते झेपत नाही आणि आवाज फाटतो. व्हॉल्यूम कमी केला तरी फाटकेपण जात नाही, कारण व्हॉल्यूमचं बटण त्या ट्रान्झिस्टरच्या नंतर येतं. शिवाय माइकचा सॉकेट एमएम कार्ट्रिजला हवा त्यापेक्षा खूप कमी ओहमचा असतो, त्याने वरचे सूर आणखी मरतात. तो प्रयोग थांबवा.

प्रीॲम्प घेताना डब्यावर किंवा माहितीपत्रकात हे बघा. ‘एमएम’ लिहिलेलं असावं. गेन ४० डेसिबलच्या आसपास असावा; ४० डेसिबल म्हणजे बरोबर शंभर पट, ३५ ते ४२ चालेल. इनपुट ४७ किलोओहमचं असावं. मागे ‘जीएनडी’ (ग्राउंड, म्हणजे अर्थ) लिहिलेला स्क्रू असलाच पाहिजे. तो नसलेला डबा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. काही प्रीॲम्पना एमएम-एमसी असं बटण असतं (एमसी म्हणजे मूव्हिंग कॉइल, खूप कमी मिलिव्होल्ट देणारी कार्ट्रिजची दुसरी जात), ते एमएमवरच राहू द्या. एमसीवर गेन ६० डेसिबल, म्हणजे हजार पट होतो आणि तुमचे ४ मिलिव्होल्ट थेट ४ व्होल्ट होतात. मग फाटण्याचा तोच त्रास.

तुमच्यासाठी आमची पसंती बेहरिंगरच्या पीपी४०० ला आहे. छोटा डबा, फक्त एमएम, फिरवायला एकही बटण नाही, अर्थचा स्क्रू आहे, आणि १२ व्होल्ट डीसीवर चालतो. ही शेवटची गोष्ट तुमच्या गावात फार कामाची आहे, त्याबद्दल पुढे सांगतो. बजेट वाढवण्याची तयारी असेल तर एआरटीचा डीजे प्री टू बघा. त्यात गेन कमी-जास्त करता येतो, जोराच्या जागी सिग्नल कापला जाऊ लागला की दिवा रंग बदलतो, इनपुटचं कपॅसिटन्स (वीज साठवून धरण्याचं माप, त्याने वरच्या सुरांवर फरक पडतो) १०० किंवा २०० पिकोफॅरॅड निवडता येतं, आणि खर्जाखालची घरघर कापणारं बटण आहे. बाबांच्या रेकॉर्डी वाकलेल्या असतील तर या बटणाचा खरा उपयोग होतो. वाकलेली रेकॉर्ड सुईला दर फेऱ्याला वर-खाली उचलते. ती हालचाल कानाला ऐकू येत नाही, पण स्पीकरचा पडदा पुढे-मागे ढकलते आणि ॲम्प्लिफायरची ताकद खाते. रेकॉर्ड चालू असताना स्पीकरची जाळी काढून पडद्याकडे बघा : तो संथपणे हापसत असेल तर एआरटी घ्या, नसेल तर पीपी४०० पुरे.

याहून महाग घेण्यात, या कार्ट्रिजला आणि घरच्या ॲम्प्लिफायरला, आम्हाला अर्थ दिसत नाही. उरलेले पैसे पुढेमागे नव्या सुईला लागतील. आणि डबा नसलेली, नुसती ५५३२ आयसीची उघडी पाटी कोणी सुचवली तर ती टाळा. आयसी चांगला आहे, पण त्या पाटीला बहुधा १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर लागतो आणि लोखंडी डबाही. ट्रान्सफॉर्मर डब्याच्या आत बसवला की घूं विकत घेतल्यासारखंच. मागवलेला प्रीॲम्प ज्या दिवशी येईल त्याच दिवशी दोन्ही बाजू वाजवून बघा, परत करण्याची मुदत संपायच्या आत.

आता बाबांच्या पेटीतल्या प्लेअरचं. तशा प्लेअरमध्ये बहुतेक सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज असते. ती शेकडो मिलिव्होल्ट देते आणि खर्ज-तीव्र सुरांचा तोल तिच्या जडणघडणीतच बराचसा साधलेला असतो. तिला फोनो प्रीॲम्प लावायचा नाही. ओळखायचं कसं? प्लेअर बंद करून, प्लग काढून, मल्टिमीटर २,००० ओहमवर ठेवा आणि कार्ट्रिजच्या एका बाजूच्या दोन पिनांना लावा. एमएममध्ये तारेचं वेटोळं असतं म्हणून काही आकडा येतो. तुमच्या व्हीएम९५ईवर ४८५ च्या आसपास यायला हवा. सिरॅमिकमध्ये वेटोळं नसतं, मीटर काहीच दाखवत नाही. (एमएमची तार तुटली असेल तरी काही दाखवणार नाही, म्हणून दोन्ही बाजू तपासा.) सिरॅमिक निघाली तर तिला दहा लाख ओहमच्या आसपासचं इनपुट लागतं, कमी ओहमच्या ऑक्सला लावलं की खर्ज गळतो. तो प्लेअर त्याच्या आतल्याच ॲम्प्लिफायरवर वाजवा. आणि त्याचा हात जड असतो, पाच ग्रॅम किंवा जास्तही. बाबांच्या चांगल्या एलपी त्यावर लावू नका.

जोडणी सुरू करण्याआधी सुईचा भार ठीक करा, नाहीतर दोष सुईचा आणि शिव्या प्रीॲम्पला असं होईल. मागचं वजन फिरवून टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा लांब हात) हवेत आडवा तरंगेल असं करा, आकड्यांची चकती शून्यावर आणा, मग वजन फिरवून २ ग्रॅम ठेवा. व्हीएम९५ईला १.८ ते २.२ चालतं. सोनं मोजण्याचा खिशातला डिजिटल काटा मिळाला तर त्यावर खात्री करा. कमी भाराने रेकॉर्ड वाचते असं पुष्कळांना वाटतं. ते उलटं आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती खरवडते. अँटीस्केटिंगही (टोनआर्मची मध्याकडची ओढ तोलणारं बटण) २ वर ठेवा.

प्रीॲम्प टर्नटेबलजवळ ठेवा, ॲम्प्लिफायरजवळ नाही. याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे ॲम्प्लिफायरच्या पोटात मोठा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याची घरघर चार मिलिव्होल्टच्या वायरीत सहज शिरते. दीड-दोन फूट तरी अंतर हवं. दुसरं कारण वायरच्या लांबीचं. आरसीए वायरला (तीच लाल-पांढऱ्या पिनांची) दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरॅड कपॅसिटन्स असतं. तुमच्या कार्ट्रिजला वायर आणि प्रीॲम्प मिळून १०० ते २०० पिकोफॅरॅड हवेत. टर्नटेबलची सव्वा मीटरची वायर आणि प्रीॲम्पचं इनपुट यातच ते भरतात. त्यात दोन-तीन मीटरची जोडवायर घातली की बेरीज ५०० वर जाते, आणि मग कार्ट्रिजचं वेटोळं ९-१० हजार हर्ट्झला गुंजायला लागतं. गायिकेचा ‘स’ आणि ‘श’ टोचू लागतो, त्याच्या वरचे सूर गळतात. वायर वाढवायचीच असेल तर प्रीॲम्प ते ॲम्प्लिफायर या टप्प्यात वाढवा. तिथे पाच मीटरनेही फरक पडत नाही.

सगळं बंद ठेवून, व्हॉल्यूम शून्यावर आणून जोडा. टर्नटेबलची लाल पिन प्रीॲम्पच्या इनपुटच्या लालला, पांढरी पांढऱ्याला. इनपुट आणि आउटपुट सारखेच दिसतात, लेबल वाचूनच लावा. काळ्या वायरीचं टोक सोलून किंवा त्याची चिमटी जीएनडीच्या स्क्रूखाली घट्ट आवळा. आउटपुट ॲम्प्लिफायरच्या ऑक्सला. ॲम्प्लिफायरवर ‘फोनो’ लिहिलेला सॉकेट असेल तर तिथे नाही. (तसा सॉकेट खरोखर असेल आणि आतून धड असेल, तर तुम्हाला वेगळा प्रीॲम्प लागतच नाही, आधी टर्नटेबल थेट तिथे लावून बघा.) चालू करताना प्रीॲम्प आधी, ॲम्प्लिफायर शेवटी. बंद करताना ॲम्प्लिफायर आधी. उलट केलं तर स्पीकरला ‘धप्प’ असा दणका बसतो.

आता घूं. अंदाजाने वायरी हलवत बसू नका, मागून पुढे एकेक जोड तपासा. पण हात लावण्याआधी ॲम्प्लिफायरच्या बॉडीला टेस्टर लावा. टेस्टर पेटला तर वीज बॉडीवर झिरपते आहे. पुढचं काही करू नका, आधी अर्थिंगचं बघा.

टेस्टर पेटला नाही, तर ऑक्सच्या सगळ्या पिना काढून फक्त ॲम्प्लिफायर चालू करा आणि रोज ऐकता तेवढा व्हॉल्यूम ठेवा. इथेच घूं असेल तर दोष ॲम्प्लिफायरचा. जुन्या यंत्रात फिल्टरचे मोठे कपॅसिटर सुकतात आणि १०० हर्ट्झची जाड घरघर येते. ते दारव्ह्याचा किंवा यवतमाळचा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा बदलून देईल. शांत असेल तर प्रीॲम्प जोडा, टर्नटेबलशिवाय. उघड्या इनपुटवर थोडी कुरकुर येतेच, तिच्यावर जाऊ नका. मोठी, ठसठशीत घूं आली तर ॲडॉप्टर दुसऱ्या बोर्डवर लावा, प्रीॲम्पपासून लांब सरकवा. पॉवरच्या आणि आवाजाच्या वायरी एकत्र बांधू नका. ओलांडाव्याच लागल्या तर फुलीसारख्या आडव्या ओलांडा. ॲम्प्लिफायरला टीव्हीची वायरही जोडलेली असेल तर ती काढून बघा. छतावरच्या डिशची वायर, सेट-टॉप बॉक्स, टीव्ही आणि ॲम्प्लिफायर असं अर्थचं वर्तुळ तयार होतं आणि ५० हर्ट्झची घूं त्यातून फिरत राहते. हे कारण पुष्कळदा निघतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

शेवटी टर्नटेबल जोडा, सुई वर उचललेलीच ठेवा. टोनआर्मच्या धातूला बोट लावल्यावर घूं कमी झाली तर काळी वायर कुठेतरी सुटली किंवा तुटली आहे, मल्टिमीटरने तिची दोन्ही टोकं बघा. ती जोडूनही घूं वाढत असेल तर त्या टर्नटेबलात अर्थ आतून आधीच पिनेच्या बाहेरच्या कड्याला जोडलेला असू शकतो; काळी वायर सोडून ऐका, जे शांत ते ठेवा. घूं एकाच बाजूने येत असेल तर कार्ट्रिजच्या मागच्या चार बारीक टोप्या बघा : पांढरी आणि निळी डाव्या बाजूच्या, लाल आणि हिरवी उजव्या बाजूच्या. एखादी ढिली असते. चिमट्याने हलक्या हाताने पुन्हा बसवा, पण आधी ॲम्प्लिफायर बंद करा आणि सुईचं टोपण लावा.

सुई उचलल्यावर थांबणारी आणि व्हॉल्यूमबरोबर फुगत जाणारी घूं मात्र विजेची नसते. स्पीकरचा हादरा टेबलातून सुईपर्यंत पोचतो आणि पुन्हा स्पीकरमध्ये जातो. स्पीकर आणि टर्नटेबल एका टेबलावर ठेवू नका. भिंतीत बसवलेली फळी किंवा कडप्प्याचा ओटा सगळ्यांत चांगला.

दर सेकंदाला एकदा ‘टक्... टक्’ असं ऐकू येत असेल तर शेताकडे जा. रानडुकरं आणि रोही अडवण्यासाठी लावलेलं झटका मशीन साधारण त्याच तालाने झटका सोडतं. तारेला गवत किंवा तुरीच्या फांद्या टेकल्या की तिथे ठिणगी उडते आणि तिचा टिकटिकाट घरातल्या चार मिलिव्होल्टच्या वायरीत उमटतो. तारेखालचं गवत काढा. मशीनचा अर्थ-रॉड घराच्या अर्थिंगपासून किमान १० मीटर लांब असला पाहिजे; हे रेकॉर्डीपेक्षा घरातल्या माणसांच्या जिवासाठी जास्त गरजेचं आहे. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर वेगळा आवाज देतो, बारीक चरचर. पंखा बंद करून बघा, म्हणजे कळेल.

अर्थिंगबद्दल कळकळीने सांगतो. गावातल्या पुष्कळ घरांत तीन पिनांच्या सॉकेटचं वरचं मोठं भोक नुसतंच भोक असतं, मागे वायर नसते. ज्यांनी खड्डा करून, कोळसा-मीठ भरून पाइप गाडला, त्यांचं अर्थिंगही मे महिन्यात कमजोर होतं. आपली काळी माती सुकली की भेगाळते, पाइपापासून सुटते आणि जमिनीशी जोड राहत नाही. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात चार-आठ दिवसांनी दोन बादल्या पाणी ओता. परवानाधारक वायरमनकडून एकदा मोजून घ्या : फेज ते अर्थ व्होल्टेज जवळपास फेज ते न्यूट्रल एवढंच यावं, आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्टच्या आसपास असावं. घूं घालवायला म्हणून कोणी ॲम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन कापायला सांगेल, किंवा जीएनडीची वायर न्यूट्रलला, नळाला, खिडकीच्या गजाला बांधायला सांगेल. ऐकू नका. घूं कदाचित जाईल, पण एखाद्या दिवशी टोनआर्मला हात लावणाऱ्या पोराला झटका बसेल. ती वायर फक्त प्रीॲम्पच्या स्क्रूपर्यंत जाते, पुढे कुठेही नाही.

लाइनचं आणखी एक. पंप चालू झाले की व्होल्टेज पडतं. प्रीॲम्पच्या ॲडॉप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर त्याला त्याची फिकीर नाही. वजनाने जड, आत ट्रान्सफॉर्मर असलेला साधा ॲडॉप्टर असेल तर तो १२ ऐवजी ९ व्होल्ट देऊ लागतो आणि आवाज फाटतो. संध्याकाळी नीट आणि पंपांच्या वेळेला फाटका असं होत असेल तर ॲडॉप्टर बदला. बदलताना तीन गोष्टी जुळल्याच पाहिजेत : व्होल्ट, एसी की डीसी, आणि मधली पिन प्लस की मायनस. मिलिॲम्पिअर जास्त चालतात, कमी नाही.

आणि आता त्या १२ व्होल्टचा फायदा. फवारणी पंपात असते तशी १२ व्होल्ट, ७ किंवा ८ ॲम्पिअर-अवरची बॅटरी प्रीॲम्पला थेट चालते. प्रीॲम्प शंभर-दीडशे मिलिॲम्पिअर घेतो; बॅटरी अर्ध्यापेक्षा जास्त उतरू दिली नाही तरी वीस-पंचवीस तास आरामात जातात. प्लसच्या तारेत अर्ध्या ॲम्पिअरचा फ्यूज घाला आणि डब्यावरची खूण बघून जॅकची मधली पिन जोडा. चार्जिंग चालू असताना वाजवू नका, कारण तेव्हा बॅटरीवर साडेचौदा व्होल्टपर्यंत चढतात आणि चार्जरचा आवाजही येतो. बॅटरीवर लावल्याबरोबर घूं गेली, तर दोष ॲडॉप्टरचा हे त्याच क्षणी सिद्ध होतं. मात्र पंपातलीच बॅटरी काढून घरात आणू नका, तिच्यावर औषध सांडलेलं असतं. यासाठी वेगळी घ्या. इन्व्हर्टरवर ॲम्प्लिफायर चालवत असाल तर तो साइन वेव्हचा हवा. चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर स्पीकरमधून किरकिरतो आणि त्यावर प्रीॲम्पकडे उपाय नाही.

भजनी मंडळाच्या ॲम्प्लिफायरवर वाजवायचं असेल तर प्रीॲम्पमधून त्याच्या ऑक्सला जा. तो मोनो असतो. त्याला एकच सॉकेट असेल तर डावी-उजवी तार नुसती पिळून एकत्र करू नका, दोन आउटपुट एकमेकांना ओढतात. दोन्ही मधल्या तारांत १ किलोओहमचा एकेक रेझिस्टर टाका आणि त्यांची पुढची टोकं जोडा. पीपी४०० ला जाड जॅकचंही आउटपुट आहे, पण ते स्टीरिओ आहे. त्यात माइकचा मोनो जॅक घातला तर एक बाजू शॉर्ट होते.

सगळं जुळलं की खंजिरीच्या भजनाची एखादी स्वच्छ रेकॉर्ड लावा. खंजिरीच्या कड्यावरच्या चकत्यांचा छनक सुटा ऐकू आला, आणि चामड्यावरची थापही तेवढीच भरीव आली, तर माप बरोबर बसलं आहे. थाप आहे पण छनक टोचतो, तर वायरची लांबी पुन्हा बघा. दोन्ही धूसर असतील तर सुईला लोंबणारा कापूस बघा. आपल्याकडे वेचणीच्या दिवसांत आणि जिनिंगच्या आसपास हवेत तंतू उडत असतात, एका बाजूच्या वीस मिनिटांत सुईवर त्यांचा गोळा होतो. मऊ ब्रशने मागून पुढे झाडा, कधीच पुढून मागे किंवा आडवं नाही. रेकॉर्डी धुवायला विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वापरू नका, आपल्या पाण्यातले क्षार खाचेत पांढरे बसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर घ्या, लिटरला भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका, मऊ कापडाने खाचेच्या दिशेने पुसा, साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसा आणि सावलीत उभ्या वाळवा. टिनाच्या छताखालच्या खोलीत मे महिन्यात त्या आडव्या रचून ठेवू नका.

बाबांच्या साठ्यात जड, ठिसूळ, ७८ वेगाच्या तबकड्या असतील तर त्या वेगळ्या काढा. त्यांची खाच एलपीच्या खाचेच्या जवळजवळ तिप्पट रुंद असते, या सुईने त्या वाजवायच्या नाहीत. व्हीएम९५ला ७८ ची वेगळी सुई मिळते, ती याच कार्ट्रिजवर बसते, पण टर्नटेबलला ७८ चा वेग असला पाहिजे. आणि त्या तबकड्या पुसताना स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका. त्या लाखेच्या असतात, स्पिरिटने विरघळतात.